राऊटर टेबल: दहा बाय दहाच्या खोलीत बसेल आणि रोज वापरलं जाईल असं

राऊटर म्हणजे वेगानं फिरणाऱ्या पात्यानं, म्हणजे बिटनं, लाकडाची कड किंवा खाच कोरणारं यंत्र. तो हातात धरला की यंत्र लाकडावरून फिरतं. तोच राऊटर एका फळीखाली उलटा टांगला आणि बिट फळीतल्या भोकातून वर काढला, की यंत्र जागेवर राहतं आणि लाकूड त्याच्या अंगावरून सरकतं. राऊटर टेबल म्हणजे एवढंच. पण लहान कामात यानं फार मोठा फरक पडतो. फोटोफ्रेमची पाऊण इंची पट्टी घ्या. तिच्यावर हातातला राऊटर टेकवायलाच जागा नसते, तो डुगडुगतो आणि कड खातो. तीच पट्टी टेबलावर दोन्ही हातांनी फेन्सला, म्हणजे बिटमागच्या सरळ आडभिंतीला, लावून सरकवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी गोलाई मिळते. ड्रॉवरच्या तळासाठी खाच, कपाटाच्या दाराची चौकट, ट्रेच्या कडा, ही सगळी कामं टेबलावर आली की हाताला निवांतपणा येतो.

मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत राहते. दहा बाय दहाची एक खोली आणि तिला लागून असलेली बाल्कनी, हा माझा कारखाना. पहिलं टेबल तयार घेतलं होतं, दुसरं घरी बनवलं आणि आज तेच वापरते. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा इथून नवी हौशी मंडळी विचारतात, "कुठलं टेबल घेऊ?" तेव्हा मी आधी उलट विचारते: तुमच्या कामात सगळ्यात लांब तुकडा किती फुटांचा असेल? आणि हातातला राऊटर कुठला आहे? या दोन उत्तरांवर टेबल ठरतं. कॅटलॉग पाहून ते ठरवता येत नाही.

आधी खोली मोजा

चार फुटांची पट्टी टेबलावरून न्यायची तर बिटच्या उजवीकडे चार फूट हवेत आणि डावीकडेही चार फूट. म्हणजे सरळ रेषेत आठ फूट, शिवाय तुम्हाला उभं राहायला जागा. दहा फुटांच्या खोलीत हे जेमतेम बसतं. म्हणून टेबल भिंतीला चिकटवून ठेवू नका. त्याची रेषा दाराशी किंवा खिडकीशी जुळवा, म्हणजे लांब पट्टीचं टोक पॅसेजमध्ये किंवा बाल्कनीत जाऊ शकतं. माझं टेबल बाल्कनीच्या दाराच्या रेषेत आहे. सहा फुटांचं बीडिंग करायचं असलं की मी फक्त दार उघडते.

कोपरखैरणे-घणसोलीच्या रो-हाऊसमध्ये तळमजला मिळत असेल तर पायावर उभं असलेलं कायमचं टेबल करा. फ्लॅटमध्ये मात्र मी मेजावर क्लॅम्पनं बसणारं सुटं टेबल सुचवेन. वरची फळी साधारण ६०० बाय ४५० मिमी, खाली दोन बाजूंना उभ्या फळ्या, आणि काम झालं की उचलून कपाटाशेजारी उभं. मेजासकट एकूण उंची कोपरापेक्षा चार बोटं खाली आली पाहिजे. बहुतेकांना ती ८५० ते ९०० मिमीच्या दरम्यान येते.

राऊटर कुठला चालेल

बाजारात दोन जाती आहेत. एक ट्रिमर: सनमायकाच्या कडा मारायला आपले मिस्त्री वापरतात तो, एका हातात मावणारा. बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॅटचा, मकिताचा ३७०९ हा ५३० वॅटचा. दोघांचा वेग ठरलेला, मिनिटाला ३३,००० आणि ३०,००० फेरे. दुसरी जात मोठा राऊटर: साधारण १,२०० वॅटपासून पुढे, वेग कमी-जास्त करायचं चाक असलेला, जाड दांडीचे बिट धरणारा. मकिताचा आरपी२३०१एफसी हा त्यातला वरच्या टोकाचा, २,१०० वॅट, ९,००० ते २२,००० फेरे.

ट्रिमर टेबलाखाली लावला तर चालतो का? चालतो, आणि फ्रेम, लहान डबे, खेळणी, ट्रे एवढंच करणाऱ्यानं त्यापुढे जायची घाई करू नये. मात्र त्याची मर्यादा नीट समजून घ्या. ती वॅटपेक्षा वेगात जास्त आहे. बिट जितका रुंद, तितकी त्याची बाहेरची धार एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. २५ मिमीचा बिट २४,००० फेऱ्यांवर फिरला तर धारेचा वेग सेकंदाला साधारण ३१ मीटर होतो. त्याच वेगावर ७५ मिमीचा बिट लावलात तर ९४ मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटरच्याही वर. एवढ्या वेगात बिट थरथरतो, लाकूड जाळतो आणि एखादा तुकडा सुटला तर तो अंगावर येतो. म्हणून नियम असा: २५ मिमीपर्यंतचा बिट २४,००० पर्यंत, ५० मिमीपर्यंतचा १८,००० पर्यंत, त्यापुढे ६५ मिमीपर्यंत १६,०००, आणि त्याहून मोठा १२,००० किंवा कमी. ज्या यंत्राचा वेग कमी करता येत नाही, त्यात रुंद बिट घालायचाच नाही. ठरल्या वेगाच्या ट्रिमरमध्ये मी २० मिमीपेक्षा मोठा बिट लावत नाही, आणि बिटवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर लहान बिटही लावत नाही.

पुढेमागे कपाटाची दारं करायची असतील तर वेगाचं चाक असलेला, सावकाश सुरू होणारा, १,२०० ते १,६०० वॅटचा राऊटर घ्या. घरासाठी तो पुरेसा आहे. २,००० वॅटच्या वरचा राऊटर पाच-सहा किलोचा असतो आणि सुट्या टेबलाच्या फळीला ते ओझं होतं. घेताना स्विच पाहा. बोट काढल्यावरही चालू राहणारा, लॉक होणारा स्विच हवा. घोडा दाबून धरावा लागतो असं यंत्र टेबलाखाली गैरसोयीचं आहे.

कॉलेट: इथे घाई नको

बिटची दांडी जिथे घट्ट बसते ती चिरा पाडलेली नळी म्हणजे कॉलेट. आपल्याकडे मिमीचे आणि इंचाचे दोन्ही बिट शेजारीशेजारी विकले जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, डोळ्यांना सारखेच दिसतात. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, हेही तसंच. "चालतो हो मॅडम, सगळे हाच वापरतात," असं सांगून मला एका दुकानात ६ मिमी दांडीचा बिट दिला गेला. माझा कॉलेट पाव इंची होता. नट पूर्ण आवळला गेला, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. सागवानाच्या ड्रॉवरला खाच मारताना बिट हळूहळू वर सरकत गेला. सुरुवातीला ६ मिमी खोल असलेली खाच शेवटी ९ मिमी झाली होती. लाकूड वाया गेलं एवढ्यावर निभावलं, बिट उडाला असता तर काय झालं असतं हा विचार आजही येतो.

तेव्हा व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवा आणि प्रत्येक नव्या बिटची दांडी मोजा. बिट बसवताना पूर्ण आत घाला, मग दोन-तीन मिमी वर ओढा आणि आवळा. तळाला टेकलेल्या बिटवर कॉलेटची पकड नीट बसत नाही, कारण नट आवळताना कॉलेट बिटला घेऊन थोडा खाली जातो. दांडीचा किमान पाऊण भाग आत असलाच पाहिजे. बिट बदलण्यापूर्वी प्लग बोर्डातून काढायचा. फक्त स्विच बंद केला म्हणजे झालं, असं समजू नका.

जमत असेल तर १२ मिमी किंवा अर्ध्या इंचाचा कॉलेट घेणारा राऊटरच निवडा. दांडी दुप्पट जाड झाली की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. बिट लवत नाही आणि कड गुळगुळीत येते.

तयार की घरी बनवलेलं

तयार टेबलं घरबसल्या मागवता येतात. लहान टेबलांमध्ये पत्र्याचे पाय, वर अॅल्युमिनियमची किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) फळी आणि प्लास्टिकचा फेन्स असतो. घ्यायचं असेल तर घरी आल्याआल्या तीन गोष्टी तपासा, परत पाठवायची मुदत संपायच्या आत. एक, फळीवर स्टीलची पट्टी कडेवर उभी ठेवून मागून मोबाईलचा टॉर्च मारा. पट्टीखालून मध्यभागी उजेड दिसला तर फळी खोलगट आहे. दोन, फेन्सचे डावे-उजवे अर्धे भाग एका रेषेत आहेत का, तेही याच पट्टीनं पाहा. तीन, तुमच्या राऊटरच्या बुडाची भोकं त्याच्या प्लेटशी जुळतात का. अॅल्युमिनियमच्या काही फळ्यांवर बारीक उभे काठ असतात, त्यांत छोट्या तुकड्यांचे कोपरे अडकतात. माझ्या पहिल्या टेबलाची फळी तीन महिन्यांत राऊटरच्या वजनानं मधोमध एक मिमी बसली. तेव्हापासून खाच कधीच सारख्या खोलीची येईना.

ज्याला करवत धरता येते आणि गुण्या लावता येतो, त्यानं टेबल घरी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. दोन रविवार लागतात.

फळी

वरच्या फळीचं एकच काम: सपाट राहणं. ठाण्याच्या पावसाळ्यात तेच अवघड आहे. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की साधा एमडीएफ कडेनं फुगतो. मरीन प्लाय, म्हणजे ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तो, पाण्याला दाद देत नाही, पण त्याचे तक्ते पुष्कळदा मुळातच वाकलेले असतात. मला सगळ्यात बरा अनुभव आला तो १८ मिमी एचडीएचएमआर बोर्डाचा, म्हणजे ओलावा सोसणाऱ्या दाट फायबर बोर्डाचा. तो घट्ट असतो, सपाट येतो आणि दमट हवेत टिकतो. पूर्ण ८ बाय ४ चा तक्ता घ्यायची गरज नाही. मोड्युलर किचन करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात आणि ६०० बाय ४५० चे दोन तुकडे त्यांना अडगळच असते.

दोन तुकडे एकमेकांवर फेविकॉलनं चिकटवा, म्हणजे जाडी ३६ मिमी होते. चिकटवण्याआधी दोन्हींचा बाक पाहून घ्या आणि बाक एकमेकांच्या उलट येतील असे ठेवा. रात्रभर क्लॅम्पमध्ये, खाली खरोखर सपाट असं काहीतरी घेऊन. स्वयंपाकघराचा ग्रॅनाईटचा ओटा याला उत्तम, घरातल्यांची परवानगी आधी काढा. नंतर वर सनमायका लावा आणि खालूनही लावा. खालून कुणाला दिसणार म्हणून ती वगळू नका. एकाच बाजूला सनमायका असेल तर दुसरी बाजू ओलावा पिते आणि फळी वाकते. कडांना सागवानाची पट्टी किंवा निदान दोन हात पॉलिश.

अशी फळी आठ किलोच्या आसपास भरते. वजन चांगलंच, त्यामुळे थरथर कमी होते. खालून दोन आडव्या पट्ट्या कडेवर उभ्या लावल्या की राऊटरच्या भारानं ती बसत नाही.

माइटर स्लॉट, म्हणजे फळीत कोरलेली सरकमार्गाची खाच, मी मुद्दाम घेतलेली नाही. ती फळीला कमजोर करते, आणि ती असली की फेन्स प्रत्येक वेळी तिला समांतर लावत बसावं लागतं. आडछेद, म्हणजे लाकडाच्या रेषांना आडवा काप, घ्यायचा असेल तर नीट काटकोनात कापलेला प्लायचा चौकोनी ठोकळा फेन्सला घासत तुकड्यामागून ढकला. काम तेवढंच चोख होतं.

प्लेट

राऊटर थेट जाड फळीला टांगला तर बिटची सगळी लांबी फळीतच जाते. म्हणून मध्ये पातळ पण ताठ प्लेट. बाहेर अॅल्युमिनियमच्या तयार प्लेट मिळतात, ट्रिमरसाठी लहान आणि राऊटरसाठी मोठ्या. स्वस्तात करायचं तर १० मिमी हायलम शीट. इलेक्ट्रिक पॅनेलवाले वापरतात तीच तपकिरी शीट. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे-महापे भागात असे तुकडे कापून देणारी वर्कशॉप्स आहेत. अॅक्रिलिक दिसायला छान असतं पण मोठ्या राऊटरखाली लवतं. ट्रिमरपुरतं ठीक.

प्लेटसाठी फळीत खळगा करायचा तो असा. प्लेट जागेवर ठेवा, तिच्या चारही बाजूंना सरळ पट्ट्या दुहेरी टेपनं चिकटवा, प्लेट काढून घ्या. आता दांडीवर बेअरिंग, म्हणजे पट्टीला टेकून फिरणारं कडं, असलेल्या सरळ बिटनं, त्या पट्ट्यांच्या आधारानं, प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जास्त खोल कोरा. मग मधला भाग जिगसॉनं कापून काढा, चहूबाजूंनी १५-२० मिमीचा ओठ ठेवून. ओठावर चार कोपऱ्यांत छोटे स्क्रू बसवा. ते वर-खाली करून प्लेट फळीच्या अगदी पातळीत आणता येते. बोट फिरवून ठरवू नका, पट्टी ठेवून बघा. लाकूड ज्या बाजूनं प्लेटवर चढतं तिथे केसभर जरी पायरी राहिली तरी तुकडा अडखळतो, आणि तो अडखळला तेवढ्यात बिट तिथे खड्डा खातो.

प्लेट उचलून निघणारी असावी. बिट बदलायचा असला की प्लेट राऊटरसकट वर काढते, मेजावर आडवी ठेवते आणि दोन्ही पान्यांनी नट सोडवते. त्यामुळे महागडी लिफ्ट, म्हणजे वरून चावी फिरवून राऊटर उचलणारी यंत्रणा, नवख्यानं घेऊ नये असं मी सांगते. रोज व्यवसायाचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

फेन्स

फेन्स म्हणजे बिटमागची उभी आडभिंत. बिट गोल आहे, त्याला दिशा नाही. म्हणून फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असण्याची काहीही गरज नाही. हे लक्षात आलं की अर्धी गुंतागुंत संपते. माझ्या फेन्सचं एक टोक बोल्टवर फिरतं आणि दुसरं क्लॅम्पनं धरलेलं असतं. बिट साधारण मधोमध असल्यामुळे मोकळं टोक एक मिमी हलवलं की बिटपाशी अर्धाच मिमी फरक पडतो. बारीक जुळवणीची सोय आपोआप झाली.

लाकडाचा फेन्स करायचा तर १८ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या काटकोनात, मागून त्रिकोणी टेकू. त्याहून सोपं म्हणजे स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून जाड अॅल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन घ्या. असा कारागीर प्रत्येक नाक्यावर आहे. दुकानातच त्याची सरळ रेषा डोळ्यांनी पारखून घ्या. पुढच्या बाजूला प्लायचे दोन सुटे पाट लावा, बिटच्या दोन्ही बाजूंनी जवळ-लांब सरकतील असे. भोक बिटएवढंच ठेवलं की लहान तुकडा आत घसरत नाही आणि कडेचे टवके उडत नाहीत.

आता फेन्सचा माझा सगळ्यात लाडका उपयोग. घरी जॉइंटर नसतो, त्यामुळे दोन फळ्या कडेला कड जोडायच्या तर रंध्यानं तासत बसावं लागतं. डाव्या पाटामागे १ मिमी सनमायकाची पट्टी सारा, म्हणजे तो पाट एक मिमी पुढे येईल. सरळ बिटची धार या डाव्या पाटाच्या पातळीत लावा. आता उजवीकडून जाणाऱ्या फळीची एक मिमी कड कापली जाते आणि कापलेला भाग डाव्या पाटावर बरोबर टेकतो. दोन-तीन फेऱ्यांत दोन फुटांची कड इतकी सरळ होते की दोन फळ्या जुळवल्यावर मधून उजेड दिसत नाही.

गोलाकार तुकडे फेन्सशिवाय, बेअरिंगच्या बिटवर कापतात. त्यासाठी प्लेटमध्ये बिटच्या उजव्या बाजूला एक खुंटी हवी. तुकडा आधी खुंटीला टेकवा, मग हळूच बिटकडे वळवा. खुंटीशिवाय थेट बिटवर नेलेला तुकडा हातातून हिसकला जातो.

वीज

हा भाग मी नव्यानं शिकणाऱ्यांना दोनदा वाचायला लावते. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली. मी पट्टी तशीच टेबलावर सोडून टॉर्च आणायला गेले. राऊटरचा स्विच लॉक केलेला होता. वीज परत आली, राऊटर आपोआप सुरू झाला आणि पट्टी माझ्या समोरून भिंतीवर जाऊन आदळली. मी त्या क्षणी टेबलाशी नव्हते, एवढंच नशीब.

यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट स्विच. हिरवं बटण दाबल्यावर आतलं विद्युतचुंबक संपर्क धरून ठेवतं. वीज गेली की ते सुटतं, आणि वीज आली तरी पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय काही चालू होत नाही. असा स्विच यंत्रसामग्रीच्या दुकानात मिळतो. मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर दहा दुकानांत विचारता येईल. तो टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीच्या किंवा गुडघ्याच्या धक्क्यानं लाल बटण दाबलं जाईल अशा जागी लावा. दोन्ही हात लाकडावर असताना बंद करता आलं पाहिजे. जोडणी वायरमनकडून करून घ्या.

१,५०० वॅटचा राऊटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. त्याबरोबर १,२०० वॅटचा व्हॅक्यूम लावला तर एकूण पावणेबाराच्या आसपास. म्हणून सहा अँपिअरच्या बोर्डावर किंवा टीव्हीच्या एक्स्टेंशनवर हे चालवू नका. गिझर-एसीला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हवा आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच.

भुसा, आवाज आणि शेजार

राऊटरचा भुसा पिठासारखा बारीक असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तेव्हा हा विषय फक्त झाडलोटीचा नाही. फेन्सच्या मागे, भोकाच्या जागी, एक छोटी पेटी करून तिला व्हॅक्यूमचा पाइप जोडा. खाच मारताना मात्र भुसा खाली पडतो, म्हणून राऊटरभोवती प्लायची पेटी आणि तिलाही एक भोक. हवा आत यायला जागा ठेवा, नाहीतर मोटर तापते. एवढं करूनही एन-९५ मास्क लावायचाच, एमडीएफ कापताना तर नक्की.

कानाला इअरमफ आणि डोळ्यांना चष्मा. हातमोजे अजिबात नकोत, फिरता बिट मोज्यासकट बोट ओढतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं आवरून मग टेबलाशी उभं राहा.

आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. राऊटर जवळून ९० च्या आसपास जातो. मी दारं-खिडक्या लावून सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्यातच तो चालवते. मेजाच्या पायांखाली जाड रबरी तुकडे घातल्यापासून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरातली घरघर खूप कमी झाली, असं त्यांनीच सांगितलं. टेबल बसवण्याआधी त्यांना भेटून आले होते, ते बरं झालं.

पहिला दिवस

उलट्या राऊटरमध्ये बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे ढकलायचं. असं केलं की बिट लाकडाला तुमच्या ढकलण्याविरुद्ध ढकलतो आणि त्याच वेळी फेन्सकडे ओढतो. काम ताब्यात राहतं. डावीकडून उजवीकडे गेलात तर बिट लाकूड हिसकावून घेतो आणि तुमचा हात त्याच्यामागे जातो. बाणाची खूण कायमच्या शाईनं फळीवर काढून ठेवा. माझ्या टेबलावर ती अजून आहे.

दुसरी तितकीच मोठी चूक: पट्टी बिट आणि फेन्स यांच्या मधून नेणं. तिथे धारेची दिशा उलटी होते आणि पट्टी बाणासारखी सुटते. लाकूड कायम बिटच्या आणि तुमच्या मध्ये.

बिटची उंची लावायला मी ड्रिलबिटची दांडी वापरते. ६ मिमी उंची हवी तर ६ मिमीची दांडी बिटशेजारी आडवी ठेवायची आणि वर पट्टी टेकवून बघायची. उंची खालून वर आणत लावा. वरून खाली आणली तर आट्यांमधला ढिलेपणा तसाच राहतो आणि काम चालू असताना राऊटर थोडा उतरतो. पातळ दांडीच्या बिटनं एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. ९ मिमी खाच म्हणजे तीन फेऱ्या. चारही कडा गोल करायच्या असतील तर आधी आडछेदाच्या दोन कडा, मग लांब कडा. आडछेदाच्या शेवटी उडालेला टवका नंतरच्या फेरीत निघून जातो.

बिट कुठले? तीस-पस्तीस बिटांचा लाकडी पेटीतला संच मोहात पाडतो, पण त्यातले पाचच वापरले जातात. तेच पाच चांगल्या कार्बाइडचे सुटे घ्या: ६ आणि १२ मिमीचे सरळ, कड पातळीत आणणारा बेअरिंगचा फ्लश ट्रिम, कड गोल करणारा ६ मिमी त्रिज्येचा राऊंडओव्हर आणि कड तिरकी कापणारा ४५ अंशाचा चॅम्फर. न्हावा-शेव्याहून येणाऱ्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं आणि सरावाला छान असतं. त्यावर एचटीचा शिक्का, म्हणजे उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, तेच घ्या, एमबीचा शिक्का असलेलं, म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, सोडा. आणि कापण्यापूर्वी चुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा कार्बाइडची धार उडवायला पुरतो.

पहिल्या दिवशी फर्निचरला हात लावू नका. फळीच्या उरलेल्या तुकड्यांतून दोन ढकलपाट्या करा आणि त्यांच्या मुठीच्या कडा याच टेबलावर गोल करा. मग एक फेदरबोर्ड करा: पाइनच्या फळीचं टोक ३० अंशांत कापून त्यात रेषेच्या दिशेनं दर ६ मिमीवर ५० मिमी लांब चिरा द्या. फणी तयार होते. ती फेन्सला क्लॅम्प केली की पट्टी सारखी खाली दाबलेली राहते आणि बोटं बिटपासून वीतभर दूर राहतात. दातांची टोकं डावीकडे, लाकूड जातं त्या दिशेला.